तीन रेघा जाड

फाउंड्रीचा टेम्पो आला तेव्हा मी आणि वसंता पट्ट्याच्या करवतीवर सागाची फळी चिरत होतो. ड्रायव्हरनं पोत्यात गुंडाळलेलं ओझं आणून कचरू मिस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, वर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि आमच्याकडं न बघता निघून गेला. आमचे मालक हाशिमभाई आतून आले. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि तसेच उभे राहिले. मी करवत बंद केली.

आत बदरोद्दीन उस्तादांचा पॅटर्न होता. मधोमध उकललेला.

आमचं दुकान जालन्यात अंबड चौफुलीच्या अलीकडं आहे. आम्ही लाकडाचे पॅटर्न करायचो. लोखंडाची वस्तू ओतायची असेल तर आधी तशीच वस्तू लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबतात, काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. लाकूड चुकलं की लोखंड चुकतं. पॅटर्न बहुतेक दोन अर्ध्या भागांचा असतो. एका भागाला खुंट्या, दुसऱ्याला भोकं. दोन भाग एकमेकांवर ठेवले की खुंट्या भोकात अलगद बसल्या पाहिजेत आणि ओढल्या की अलगद निघाल्या पाहिजेत.

हा पॅटर्न हाशिमभाईंच्या वडिलांनी केलेला होता. पाण्याच्या पंपाचं अंग. उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण पॅटर्न फाउंड्रीत रोज चालत होता. नुसत्या खुंट्या झिजल्या म्हणून त्यांनी मापाचा कागद पाठवून आमच्याकडून नव्या मागवल्या होत्या. त्या ठोकून बसवताना लाकूड उकललं. पॅटर्नच्या पोटाशी उस्तादांनी पटाशीनं स्वतःच्या नावाचं उर्दू अक्षर कोरलेलं होतं. चीर त्या अक्षरातून गेली होती.

खुंट्या जाड होत्या. खुंट्या कचरूनं केल्या होत्या.

मी वसंताकडं बघितलं. त्याच्या हातात फळीचं टोक तसंच होतं. कचरूचं माप चुकलं, असं वाक्य आमच्या दुकानात आजवर कुणाला बोलावं लागलं नव्हतं.

कचरू मूळचा वाटूरचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं याचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागणार नाही. घरी सुतारकाम. बाप बैलगाडीची चाकं करायचा, दोरीनं आणि काडीनं मापून. कचरू पंधरा-सोळा वर्षांचा असताना जालन्याला आला आणि बदरोद्दीन उस्तादांनी त्याला ठेवून घेतलं. आल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, काय काय येतं. कचरू म्हणाला, सगळं. उस्तादांनी त्याला एक गोल लाकूड आणि जाडी मापायचा कॅलिपर दिला आणि सांगितलं, हे किती आहे बघ. कचरूनं कॅलिपरनं लाकूड आवळलं, इतकं की त्यावर वळ उठले. उस्तादांनी ते हातातून काढून घेतलं आणि त्याला हात धुवायला पाठवलं.

त्यानंतर बरेच दिवस त्याला मापायला दिलं नाही. नुसतं हात धुवायचे, कॅलिपर मिटायचा आणि खिडकीकडं धरायचा. उस्तादांचं एकच वाक्य होतं: "पैले खाली मुँह देख, बाद में भरा." रिकामं तोंड मिटल्यावर दोन जबड्यांच्या मधून उजेडाची फट दिसता कामा नये. वरच्या पट्टीचं शून्य आणि खालच्या सरकत्या पट्टीचं शून्य एका रेघेत आलं पाहिजे. आलं नाही तर किती रेघांचा फरक आहे तो आधी समजून घ्यायचा. मग लाकडाला हात लावायचा.

वाचायचं कसं तेही सांगतो, कारण पुढं लागणार आहे. वरच्या पट्टीवर पुरे मिलिमीटर वाचायचे. खालच्या छोट्या पट्टीवर दहा रेघा असतात. त्यातली कुठली रेघ वरच्या एखाद्या रेघेला तंतोतंत मिळाली, ते बघायचं. तिसरी मिळाली तर तीन, सातवी मिळाली तर सात. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते रोज, प्रत्येक वेळी तेवढ्याच निगुतीनं बघणं. शंभरातले नव्वद जण दोन रेघा जवळपास मिळाल्या की पुढं जातात. कचरू डोळा बरोबर वर आणायचा, तिरका नाही, आणि श्वास थांबवून बघायचा. लाकूड आवळायचं नाही, नुसतं टेकवायचं. आणि एकाच जागी मापून सोडायचं नाही. लाकूड गोल दिसलं म्हणून गोल असतं असं नाही, म्हणून फिरवून तीन जागी.

उस्ताद थकले तेव्हा त्यांनी आपला कॅलिपर पोराला दिला नाही, कचरूला दिला. हाशिमभाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणायचे, माझा हात हिशेबाचा आहे, लाकडाचा नाही. कचरूनं त्या कॅलिपरला सागाची डबी केली, आतून मखमल लावली. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. ठेवताना जबडे केसभर उघडे ठेवायचा, कारण थंडी-उन्हानं लोखंड आखडतं, फुगतं आणि मिटलेले जबडे एकमेकांवर जोर करतात.

दुकानात आम्ही म्हणायचो, मिस्त्रीच्या घरी भाकरीसुद्धा कॅलिपरनं मापतात. एकदा त्याची बायको झुंबरबाई डबा घेऊन आली होती, तिनं ते ऐकलं. ती म्हणाली, "मापली असती तर बरं झालं असतं. निदान कोणती चांगली झाली ते तरी मला कळलं असतं." सगळे हसले. कचरूही हसला, पण डबा उघडून चांगली झाली म्हणाला नाही.

वसंता हा झुंबरबाईचा धाकटा भाऊ. मंठ्याहून आलेला. कचरूनं त्याला स्वतः शिकवलं. हात चांगला होता, डोळा तर फारच चांगला. लांबून फळी बघून जाडी सांगायचा आणि ती बहुतेक बरोबर निघायची. पण एक दिवस त्याच्या हातून दुकानाचा कॅलिपर फरशीवर पडला. त्यानं उचलून पुसला आणि कुणाला सांगितलं नाही. जबडा जरासा वाकला होता. दातेरी चाकाचं काम चाललं होतं, ते सगळं त्या मापानं झालं. बाहेर जायच्या आधी कचरूनं पकडलं. वसंता म्हणाला, मी वाचलं ते बरोबरच वाचलं, चूक कॅलिपरची आहे. त्यावर कचरू जे बोलला ते मला पाठ आहे, कारण मी समोर होतो.

"माप चुकलं. कशानं चुकलं ते लाकडाला ठाऊक न्हाई."

आणि त्याला माझ्याबरोबर करवतीवर लावलं. ज्याचं माप चुकलं त्यानं कॅलिपरला हात लावायचा नाही. हा नियम कचरूनं त्या दिवशी केला आणि पहिल्यांदा आपल्या मेहुण्याला लावला. झुंबरबाई कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलत नव्हती. भाऊबिजेला वसंता त्यांच्या घरी गेला की कचरू ओवाळणं होईस्तोवर बाहेर ओट्यावर बसायचा. करवतीवर फळी ओढताना वसंता मला म्हणायचा, "अप्पा, दाजीनं माझं दुसरं लगीन करवतीशी लावून दिलं, आन ही बया पहिलीपेक्षा जास्त वरडती." चेष्टा करायचा, पण कचरूच्या टेबलाजवळून जाताना त्याचा हात कमरेच्या मागं असायचा. मी वर्षानुवर्षं बघितलं. एकदाही त्यानं डबीला बोट लावलं नाही.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्या दुकानात आदल्या संध्याकाळी हत्यारं धुऊन, तेल लावून मांडतात. दसऱ्याला हळदकुंकू. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. आणि उस्तादांच्या वेळेपासून एक पद्धत आहे, ती कुणी घातली ठाऊक नाही: पूजेचं कुंकू फडक्यानं पुसायचं नाही. ते कामानं जाऊ द्यायचं. दसऱ्यानंतर चार दिवस आमच्या रंध्यांवर, करवतींवर लाल ठिपके असतात. जे हत्यार जास्त चाललं त्याचं कुंकू आधी जातं. त्यावरून आम्ही एकमेकांना टोमणे मारतो की तुझं कुंकू अजून शाबूत कसं.

पूजा दरवर्षी झुंबरबाई करायची. त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते, म्हणून सुनेला पाठवलं. शालू, कचरूच्या मुलाची बायको. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. झुंबरबाई कॅलिपरच्या पाठीवर बोट टेकवायची. शालूला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं फार मन लावून केलं. देवाला जसं समोरून लावतात तसं प्रत्येक हत्याराच्या तोंडाला लावलं. करवतीच्या दातांना, पटाशीच्या धारेला, रंध्याच्या फटीला आणि कॅलिपरच्या तोंडाला. कुंकू तेलात कालवलेलं आणि भरपूर. हाशिमभाई पेढे घेऊन आले होते. ते तिला म्हणाले, "बेटी, माझ्या चष्म्याला बी लाव, नंबर उतरंल." ती लाजली. कचरू बघत होता, पण सून इतकं नीट करत असताना सगळ्यांसमोर तिला काय टोकायचं, म्हणून गप्प राहिला असावा. जबडे केसभर उघडे होते. कुंकू त्या फटीत उतरलं आणि रात्रीत घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूनं हात धुतले, कॅलिपर उचलला आणि मिटून खिडकीकडं धरला. मी करवतीचा पट्टा ताणत होतो. तो मला म्हणाला, "अप्पा, तोंडात कुंकू हे. तीन रेघा दाखवून राह्यला." मी म्हणालो, मग काढून टाक. तो म्हणाला, "काढायचं न्हाई. तीन वजा करायच्या."

चूक नव्हती ती. तोंडात तीन रेघांचा थर असेल तर बारा मिलिमीटरची खुंटी बारा आणि वर तीन रेघा दाखवणार. आपण तीन वजा केल्या की खरं माप मिळालं. उस्तादांनी शिकवलेलंच ते. त्या दिवशी कचरू लेथवर त्या फाउंड्रीच्या खुंट्या काढत बसला. फिरवायची, थांबवायची, तीन जागी टेकवायची, ओठातल्या ओठात "तीन वजा" म्हणायचं. मला ते करवतीवरून ऐकू यायचं नाही, पण ओठ दिसायचे. दुपारी जेवून आला, पुन्हा बसला. संध्याकाळी डबाभर खुंट्या झाल्या आणि लगेच फाउंड्रीत गेल्या. पॅटर्न फाउंड्रीत होता, त्यामुळं घालून बघायला भोक नव्हतं. कचरूचं माप असल्यावर भोकात घालून बघायची गरज कधी लागलीही नव्हती.

आणि दुसऱ्याच दिवशी, कचरूनं कॅलिपर डबीतून काढायच्या आधी, तो पॅटर्न समोर उकलून पडला होता.

हाशिमभाईंनी वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, लाकूड जुनं होतं, हवा पावसाची होती, फुगलं असेल. कचरूनं ऐकून घेतलं. मग त्यानं हात धुतले, पक्कडीनं अडकलेल्या खुंट्या एकेक करून सोडवल्या, डब्यातल्या उरलेल्या ओतल्या, आणि मापायला बसला. रिकामं तोंड बघितलं. शून्याला शून्य मिळत होतं. मग एकेक खुंटी. टेबलावर दोन ढीग झाले. एका ढिगातल्या सगळ्या बरोबर. दुसऱ्या ढिगातल्या सगळ्या जाड, आणि सगळ्या सारख्याच जाड. तीन रेघा.

मला ते कळलं नाही. हात चुकला तर माप इकडंतिकडं होतं. एक चार रेघांनी जाईल, एक दोननं. सगळ्या नेमक्या तीननं कशा जातील. मी कचरूला विचारणार होतो, पण त्याचा चेहरा बघितला आणि विचारलं नाही. त्यानं कॅलिपर डबीत ठेवला, डबी मिटली, टोपी घातली आणि भर दुपारी घरी निघून गेला.

माणूस घरी गेला याचं मला तितकं काही वाटलं नाही. पण त्याच्या लेथखाली भुस्सा तसाच पडला होता. माझ्या सगळ्या नोकरीत कचरूनं भुस्सा न काढता मशीन सोडलेलं मी बघितलं नव्हतं. ते बघून मी स्टुलावर बसलो.

हाशिमभाईंना भीती वेगळी होती. कचरू घरी बसला तर पॅटर्नचं काम बसलं. मग आम्ही दारं-चौकटी करणार, त्या गावात शंभर दुकानं करतात. आणि नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्याचं माप चुकलं त्यानं कॅलिपरला हात लावायचा नाही. कचरू तो स्वतःला लावणार नाही, असं म्हणायला आमच्यापैकी एकाचीही जीभ धजत नव्हती. त्यांनी मला संध्याकाळी त्याच्या घरी पाठवलं.

तो ओट्यावर बसला होता. झुंबरबाई दारात आली आणि म्हणाली, आल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नाही. शालूनं मला चहा दिला आणि हळूच विचारलं, मामंजींचं कुणाशी भांडण झालं का. मी सांगितलं, तसं काही नाही, उस्तादांचा पॅटर्न फुटला म्हणून वाईट वाटतंय. कचरूनं एकदा सुनेकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. मला वाटलं, शरमेनं. मी निघालो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर वसंता माझ्या आधी आलेला. कचरूच्या टेबलासमोर उकिडवा बसून दोन ढिगांकडं बघत होता. कॅलिपरच्या डबीला त्यानं हात लावला नव्हता. खुंट्या नुसत्या चिमटीत धरून फिरवत होता. त्यानं जाड ढिगातली एक उचलून मला दाखवली.

"अप्पा, हे रगत हे का?"

खुंटीच्या अंगावर लाल ओरखडा होता. मला वाटलं कचरूचं बोट कापलं असेल. वसंतानं नखानं खरवडलं आणि बोटं एकमेकांवर चोळली. तेलकट होतं. रक्त असं तेलकट नसतं. त्यानं बोटांचा वास घेतला आणि म्हणाला, कुंकू हे.

मी त्याला त्या सकाळच्या तीन वजाचं सांगितलं. तेव्हा सगळं जुळलं. त्या दिवशी केव्हातरी, या खुंटीवर कॅलिपर टेकवताना, आतला कुंकवाचा थर सुटून पडला. पूजेचं कुंकू कामानं गेलं, आम्ही म्हणतो तसंच. त्या क्षणापासून कॅलिपर खरं माप दाखवत होता आणि कचरू त्यातून तीन वजा करत होता. कॅलिपर म्हणायचा बारा आणि वर तीन, कचरू म्हणायचा बारा. त्यानंतरची प्रत्येक खुंटी तीन रेघा जाड. हात चुकला नव्हता, डोळा चुकला नव्हता. दोन्ही अजिबात न चुकता तिथून पुढं संध्याकाळपर्यंत चूक करत राहिले होते.

वसंता ती खुंटी हातात घेऊन दाराकडं बघत बसला. मला वाटलं, आता याच्या मनात ते जुनं वाक्य असणार. इतकी वर्षं करवत ओढली ती त्या एका वाक्यासाठी. आज ते परत करायची त्याची पाळी होती आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती.

कचरू आला. त्यानं आधी लेथखालचा भुस्सा झाडून काढला. मग टेबलाशी आला. हाशिमभाईही बाहेर आले. वसंता उठून उभा राहिला.

"दाजी, तुमच्या हातानं चुकलं न्हाई," तो म्हणाला. "मधीच कुंकू गळालं. ही बघा."

त्यानं खुंटी पुढं केली. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ज्यानं त्याला कॅलिपरवरून उठवलं त्याला हा सोडवत होता. कचरूनं खुंटी घेतली नाही.

"मला कालच कळलं," तो म्हणाला. "सगळ्या तीननंच जाड म्हणल्यावर दुसरं काय असणार."

हाशिमभाईंना समजवायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी विचारलं, पाठीवर लावायचं कुंकू यंदा तोंडाला लागलं कसं, लावलं कुणी. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, शालूला पूजा करताना त्यांनी बघितलं होतं, पण कॅलिपरला कुंकू लागलं तेव्हा ते पेढे वाटत होते, म्हणून सहज विचारलं. माझं तोंड उघडलंच होतं.

"म्या लावलं," कचरू म्हणाला.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. वसंताही. आम्ही दोघांनी शालूला लावताना बघितलं होतं आणि आम्ही बघितलं हे कचरूला ठाऊक होतं. केसाच्या जाडीचं खोटं ज्याला चालत नाही, तो माणूस तिघांसमोर सरळ खोटं बोलला, पापणी न हलवता. आदल्या संध्याकाळी त्यानं सुनेवरून नजर का काढून घेतली ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं. मी तोंड मिटलं. वसंता फरशीकडं बघायला लागला.

हाशिमभाई म्हणाले, मग झालं तर. अशी गोष्ट पुन्हा होणार नाही, पॅटर्न जोडून घेऊ, फाउंड्रीला मी सांगतो. बसा कामाला.

कचरू बसला नाही.

"माप चुकलं," तो म्हणाला. "कशानं चुकलं ते लाकडाला ठाऊक न्हाई."

वाक्य त्यानं तसंच म्हटलं, तेव्हा म्हटलं होतं त्याच आवाजात. फक्त वसंताकडं बघून म्हटलं.

"दुपारी जेवून आल्तो, तवा रिकामं तोंड बघितलं न्हाई. सकाळचं ध्यानात धरून चाललो. कुंकू पडलं ते पडलं. बघितलं न्हाई ते म्या."

हाशिमभाई म्हणाले, "कचरूभाई, अब्बांनी तो तुमच्या हातात दिल्ता."

"म्हणूनच," कचरू म्हणाला. मग मान न वळवता म्हणाला, "वसंता, हात धुऊन ये."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. वसंतालाही लागला नसावा. तो तसाच उभा राहिला. कचरूनं डबी उचलून त्याच्या बाजूला सरकवली, तेव्हा वसंताच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. तो नळावर गेला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. परत आला तरी हात पाठीमागंच होते.

"मला न्हाई जमायचं दाजी. डोळ्याची सवय गेली."

"लागंल."

"आन तुम्ही?"

"अप्पाला करवतीवर माणूस लागंल न."

वसंता टेबलाशी बसला. त्यानं डबी उघडली. कॅलिपर उचलला, परत ठेवला, थोडा वेळ तळहात मांडीवर दाबून बसला आणि पुन्हा उचलला. मिटला. खिडकीकडं धरला.

उस्तादांचा पॅटर्न कचरूनंच जोडला. सरस भरून, शिकंजे आवळून दोन दिवस ठेवला. चीर बुजली, पण अक्षरातून एक बारीक रेघ दिसते ती दिसतेच. नव्या खुंट्या वसंतानं केल्या. त्या अलगद बसल्या आणि पॅटर्न फाउंड्रीत परत गेला. शालूला पुढं कधीतरी सगळं कळलं, घरात अशा गोष्टी राहत नाहीत. ती आता डबीला कुंकू लावते. माझी नोकरी संपेपर्यंत कचरू माझ्यासोबत करवतीवर होता. फळी कशी धरायची ते मला त्याला सांगावं लागलं नाही. ओढताना मात्र तो फार जोर लावायचा. लावू नको म्हटलं तर ऐकायचा नाही.

वसंताच्या त्या पहिल्या दिवसाचं सांगून थांबतो. सकाळभर वसंतानं लेथवर खुंट्या काढल्या. दर खुंटीला पाठ ताठ करून, डोळा वर आणून बघत होता. आम्ही दोघं फळी चिरत होतो. कचरूनं एकदाही तिकडं मान वळवली नाही. दुपारी जेवणं झाली. सगळे आपापल्या जागी गेले. मी करवतीची कळ दाबायला हात नेला, तर कचरूनं तो मनगटाला धरून थांबवला. तो लेथकडं बघत होता.

वसंता नळावरून आला. हात पुसले. डबी उघडली, कॅलिपर घेतला. एक खुंटी उचलून चिमटीत धरली. मग थांबला. खुंटी खाली ठेवली, कॅलिपर मिटला आणि खिडकीकडं धरला. बराच वेळ धरला.

कचरूनं माझं मनगट सोडलं.

"कर चालू," तो म्हणाला.